माला-गंध-विलेपन

रोहा

प्रिय प्रणित,

भिक्खूंचं चीवर घातलेल्या नवऱ्याला ‘प्रिय’ लिहिलेलं चालतं का, हे कुणाला विचारावं तेच कळेना. आईंना विचारणार होते, पण त्या स्वतःच तुला भंते म्हणायला लागल्यात. दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिराला म्हणून गेलास आणि पेणच्या विहारातच राहिलास. त्या तिथे जाऊन पोटच्या पोराला वंदन करून आल्या आणि गल्लीभर सांगत सुटल्या, “माझा पोरगा गेला नाय गो, मोठा झाला.” घरी मात्र अजून तुझ्या वाटचा भात शिजवतात आणि सकाळी फोडणी देऊन मला खाऊ घालतात. माझं वजन वाढलंय, त्याला जबाबदार तू.

मी नोकरी धरली आहे. खांबच्या पुढे, हायवेपासून आत, पुण्याच्या एका बाईंनी अत्तरांचा कारखाना काढलाय. कारखाना म्हटलेलं त्यांना खपत नाही, ‘गंधशाळा’ म्हणायचं. भोवती मोठी बाग आहे, सुरंगी, बकुळ, सोनचाफा, ओढ्याकडेला वाळा. इथल्या कुड्याच्या बौद्ध लेण्यांना दान देणाऱ्यांत एक माळीही होता म्हणे, म्हणून ही अत्तरं लेण्यांतल्या भिक्खूंच्या नावाने. बाटलीवर चैत्याची कमान आहे. मला बरं वाटलं, आपलं काहीतरी आहे इथे असं. मी फुलं निवडते आणि कागदाच्या पट्ट्या हुंगून कुठला वास बरा ते सांगते.

एकदा बाईंनी विचारलं, भिक्खू काय लावत असतील अंगाला? मी आपलं पौर्णिमेच्या अष्टशीलातलं म्हणून दाखवलं, माला-गंध-विलेपन. शब्द त्यांना इतके आवडले की खोक्यावर छापायचं ठरलं. मी म्हटलं, अहो, हे सगळं सोडतो असं आहे ते. त्या म्हणाल्या, “मग तर जास्तच छान! सोडायला जड जाईल असंच अत्तर करू.” मीही हसले. घरी येताना मिनीडोर रिक्षात रडू फुटलं. बाईंचा राग म्हणावा, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पट्ट्या हुंगायला मी हजर होते. मी तुला सोडायला जड गेले का रे? थोडी तरी?

तू धाटावच्या केमिकल कंपनीतून शिफ्ट संपवून यायचास, तेव्हा शर्टाच्या वासावरून मी ओळखायचे आज कुठल्या प्लांटला होतास ते. नाक मुरडायचे, साबण बदलायचे. आता दिवसभर फुलांत असते आणि कंपनीची बस शेजारून गेली की मान वळते. यात काही अर्थ आहे का, सांग.

गेल्या महिन्यात माहेरी पेणला आले होते. तू विहाराच्या पायऱ्या झाडत होतास. चेहरा इतका शांत की मला आनंदही झाला आणि तुझ्या कानाखाली वाजवावीशीही वाटली, दोन्ही एकदम. माझ्या अंगाला सुरंगीचा वास होता. तुला चालणार नाही म्हणून रिक्षा परत फिरवली. निदान स्वतःला तसं सांगितलं.

परवा तू फोनवर म्हणालास, येत्या पौर्णिमेला उपसंपदा घेऊन कायमचा भिक्खू व्हायचंय, आईंचा होकार आहे, आता तुझा हवा. मी नेटवर्क नाही म्हणून फोन ठेवला. नेटवर्क होतं. त्या होकाराचंच हे पत्र, पण सकाळी उठते तेव्हा हो असतं आणि चहा होईपर्यंत त्याचं नाही झालेलं असतं. दहाच दिवस म्हणून शिबिराची बॅग माझ्याकडून भरून घेतलीस, त्यामुळे आता फोनवर काही मिळणार नाही. घरी ये, समोर बस आणि विचार. तुझा तो चेहरा जवळून पाहिला की मी हो म्हणणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. इतके दिवस तुला ये म्हटलं नाही ते त्याच भीतीने.

अजून तरी तुझीच,
किमया