तीन सेकंद, की अठरा मिनिटं?

प्रिय ओडिलताई,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आणि तुझ्या झुंजीच्या गाई, दोघांचीही तब्येत उत्तम असो. (आधी गुडघा लिहिलाय, बघ.) मी इंग्लंडात धडधाकट आहे. चहा सोडला तर इथे सगळं पाणचट.

ताई, आपल्या दरीतला एक माणूस काल जगातल्या भल्याभल्यांना जमलं नसतं ते करून बसला, आणि तो माणूस मी! तुला ठाऊक आहे, आमचा रोलर कोस्टर उतारावरून घसरत नाही, कड्यावरून सरळ खाली पडतो. पडण्याआधी गाडीला काठावर तीन सेकंद नाक खाली करून लटकवून ठेवायचं, ते काम माझ्या ब्रेकचं. आमचे मुख्य अभियंते बेरूसाहेब पाच सेकंदांवर अडलेले. मी म्हणायचो, साहेब, पाच सेकंदांत माणूस घाबरायचं सोडून गप्पा मारायला लागतो. वाळूची पोती बसवून महिनाभर चाचण्या झाल्या. (पोत्यांनी तक्रार केली नाही.) काल पहिल्यांदा माणसं बसायची होती. साहेबांनी मला बसवलं, आणि शेजारी कोराली देफागोला. विजेची यंत्रणा बघणारी, माझ्या मागच्या पत्रांतली तीच. चार महिने आमचा अबोला, कारण तिने माझ्या ब्रेकच्या नकाशावर लिहिलं होतं, ‘गाय बांधायला ठीक.’

गाडी काठावर आली, वाकली, थांबली. खाली जमिनीतलं काळं भोक. एक, दोन, तीन... दहा... वीस. सुटेचना! पोटावरच्या दांड्याला आम्ही वाळत घातलेल्या चादरींसारखे लटकलेले. मग अबोला कसला टिकतोय?

“माझ्या यंत्रणेनं गाडी थांबवलीय,” ती म्हणाली.

“तुझी यंत्रणा नुसती ‘थांब’ म्हणते. थांबतं कोण? माझा ब्रेक!”

“मग तुमच्या ब्रेकला म्हणावं, आता सोड.”

अठरा मिनिटं भांडलो, ताई. आधी ब्रेकवरून, मग नकाशावरून, मग तिच्या आईच्या जर्दाळूंपेक्षा आपले गोड की नाही यावरून. माणूस जिना चढून वर येतोय असं खालून कळलं, तेव्हा ती हळूच मला म्हणाली, “त्रोंबेरसाहेब, तुमचा ब्रेक केसभरही सरकला नाही हो. चुकलं माझं.” मी काही बोलणार, तोच सुटलो! पोट वर राहिलं, बाकीचा मी खाली. मी ओरडलो नाही. ती ओरडली नाही. भुयारातून वर उजेडात आलो तेव्हा दोघंही रडत हसत होतो. साहेबांनी विचारलं, “तीन की पाच?” आम्ही एका सुरात म्हणालो, “तीन!”

तुझा भाऊ,
इयासँत

ता. क. हे पत्र दुग्धशाळेत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच, खास करून मला ‘पाळणेवाला’ म्हणणाऱ्या आल्फाँससमोर.

ता. ता. क. इथून पुढचं मोठ्यानं वाचू नकोस. काठाजवळच्या जिन्याचं लहान दार उघडं असलं की यंत्रणा गाडी सोडत नाही. काल सकाळी मी माझा ब्रेक डोळे भरून बघायला वर गेलो होतो, आणि येताना दार लावलं नाही. वर आलेल्या माणसाने ते लावलं, तेव्हा आम्ही सुटलो. कोरालीला हे कळलंय. तिने साहेबांना सांगितलं नाही.

आणखी एक. येत्या रविवारी मी घरी येतोय, जेवायला माणूस एक जास्त धर, आणि तिच्याबद्दल मी लिहिलेली मागची चारही पत्रं त्याआधी चुलीत घाल. चौथं तर आधी घाल.