एक वीत तार

६ एप्रिल
सावद्याला बदली झाली म्हणून धुळ्यात सगळे हळहळले, पण मी जाम खूश आहे. बँकेपासून पाच मिनिटांवर वरचा मजला मिळाला आणि डोक्यावर मोकळी गच्ची. हौसेने स्वतःचं रेडिओ केंद्र चालवणाऱ्या हॅम रेडिओवाल्याला आणखी काय हवं? घरमालक नथ्थूनाना वीज मंडळातून निवृत्त झालेले, जन्म खांबांवर चढण्यात गेला. अँटेनाची तार मीच बांधून देणार, म्हणाले. त्यांच्या बायकोने, बेबाबाईंनी, आल्या आल्या भरीत-पुरी खाऊ घातली. केळीच्या मळ्यापलीकडे रेडिओ केंद्राचा मनोरा दिसतो.

८ एप्रिल
धुळ्याचे लीलाधरभाऊ माझे रेडिओतले गुरू. फोनवर म्हणाले, मनोऱ्याशेजारी साधा अँटेना अ‍ॅनलायझर घेऊ नकोस. तारेची लांबी जोखणाऱ्या त्या यंत्राला मनोऱ्याची लहर आणि आपली लहर यातला फरक कळत नाही. थांब जरा, माझा पाठवतो. मला कसला दम निघतोय! ऑनलाइन दिसला तो मागवला आणि नानांना सांगितलं, यापेक्षा चांगला मिळत नाही.

१३ एप्रिल
तारेची लांबी जमली की यंत्राचा काटा खाली यायला हवा. येईना. मी शिडीखालून रुबाबात सांगितलं, तार लांब झालीय. नानांनी हाताने वीत मोजली आणि पकडीने कापली. मग दुसरी. तिसरी. ऊन मी म्हणत होतं. दुपारी बाराला मनोऱ्याचं प्रक्षेपण थांबतं. ते थांबलं आणि काट्याने खरं दाखवलं: तार आता तीन विती आखूड होती. म्हणजे पहिलीच लांबी बरोबर होती.

वरून नानांनी विचारलं, "आजून येक ईत कापू का, भाऊ?"

गल्लीतले चारजण बघत होते. मला लाज वाटली. ही शेवटची, मग जमलं म्हणून सांगू, असं ठरवून मी म्हणालो, "कापा."

ती चौथी वीत कापायला नाना शिडीवरून बाहेर झुकले, पकड वाजली आणि तोल जाऊन ते थेट खाली आले.

१५ एप्रिल
नाना गेले. मी सगळ्यांना सांगितलं, नको म्हणत होतो तरी चढले, उन्हाने भोवळ आली. बेबाबाई उलट माझीच माफी मागत होत्या, तुमचं काम अर्धं राहिलं म्हणून. मी म्हणालो, असू द्या. इतका नीच मी स्वतःला कधी वाटलो नव्हतो.

२२ एप्रिल
लीलाधरभाऊंचा अ‍ॅनलायझर आला. हा मनोऱ्याला फसत नाही. तार चार नाही, पाच विती आखूड दाखवतो. दाराशी तांब्याचा तुकडा पडला होता. वीतभर.

२६ एप्रिल
नऊ विती. रोज बाराला, मनोरा थांबला की गच्चीवर शिडी वाजते. मग तो प्रश्न. नको म्हणायचं तर का नको तेही सांगावं लागेल, आणि खाली बेबाबाई असतात. मी हळूच "कापा" म्हणतो. मग पकड वाजते.

२९ मे
आजची धरून तारेच्या दोन विती उरल्या. घर सोडावं, तर बेबाबाई कारण विचारतील— परवा काय कापणार?

३१ मे
तार संपली. बारा वाजले. शिडी गच्चीला नाही, माझ्या खिडकीला— उजवा हात त्यांनी धरलाय. वीत मोजताहेत, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. तोच प्रश्न. तोंडातून "कापा"च येतंय— म्हणून डाव्या हाताने लिहितो. बेबाबाई, त्यांना भोवळ आली नव्हती. तार आधीच आखूड झाल्याचं मला कळलं होतं, तरी मी त्यांना—