कोणताही प्रश्न विचारा, म्हणालो!

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे तूर्त अर्धाच घातला आहे, उरलेला तुमच्याकडे बाकी समजावा.) तुमचा खोकला कसा आहे? मामींनी काढे सुरू केले असतील तर खोकला गेला असेल आणि तुम्ही कावला असाल.

इकडे मी शाळा सुधारली. म्हणजे सुधारायला गेलो. झालं असं, की पालकसभेत मला बोलायची उबळ आली. तुम्ही मास्तर होता, म्हणून तुमच्यासमोर कधी बोललो नाही, पण चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा मी शिक्षणाचाच विचार करतो (आणि गिऱ्हाईक फारसं नसतंच). उठलो आणि म्हणालो, घोकंपट्टी बंद करा, फळ्यावरचं उतरवून घेणं बंद करा, मुलांना प्रश्न विचारू द्या! टाळ्या पडल्या. मुख्याध्यापिकाबाई शांतपणे म्हणाल्या, "मग शनिवारी पाचवीचा तास तुम्हीच घ्या." टाळ्या आणखी जोरात पडल्या. त्यात आमची ही सगळ्यात पुढे होती.

मामा, मी खिसाभर भिंगं घेऊन गेलो. वर्गात आमची चिमणी दुसऱ्या बाकावर अशी ताठ बसली होती, की जणू शाळा तिच्या बापाचीच. मी म्हणालो, "मुलांनो, कोणताही प्रश्न विचारा. कुठलाच प्रश्न मूर्ख नसतो." पहिला हात वर. "हे परीक्षेत येणार का?" नाही म्हटल्यावर अर्ध्या वर्गाने वह्या मिटल्या आणि तो खिडकीबाहेर पाहायला लागला. उरलेल्यांना मी भिंगं वाटली. तेवढ्यात चिमणीने एक भिंग हात लांब करून खिडकीसमोर धरलं आणि ओरडली, "बाबा, खिडकी उलटी दिसतेय! का?"

उभा जन्म भिंगं पुसण्यात गेला, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. गिऱ्हाईक विचारतं ते फक्त "कमीत कमी कितीला देणार?" मी घसा खाकरला, पाणी प्यायलो, भिंग पुसलं. सगळा वर्ग "का? का?" करत बाकांवर चढला. शेवटी माझ्याच तोंडून निघालं, "ते पुढच्या इयत्तेत आहे! खाली बसा आणि फळ्यावरचं मुकाट्याने उतरवून घ्या!" मग मी फळ्यावर भिंगाचे उपयोग लिहिले आणि मुलांनी ते बिनतक्रार उतरवले. दारातून डोकावून मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "वा, काय शिस्त आहे!"

घरी येताना चिमणी माझ्या चार पावलं पुढे चालली. फाटकापाशी एवढंच म्हणाली, "तुम्हीच तर विचारा म्हणालात." मामा, पालकसभेच्या टाळ्या तिथल्या तिथे विरल्या. रात्री जेवण गेलं नाही. (वाढलेलं संपवलं, पण गेलं नाही.)

मामींना नमस्कार.

तुमचा,
भाचा

ता. क. खुशाली विचारायलाच पत्र लिहिलं आहे, गैरसमज नसावा. पण शिस्तीवर खूश होऊन बाईंनी पुढचा शनिवारही माझ्याच गळ्यात घातला आहे. शुक्रवारी इकडे राहायला येता का? येताना खिडकी उलटी का दिसते तेवढं घेऊन या.

ता. ता. क. मामाआजोबा, मी चिमणी. पत्र टपालात मी टाकतेय, म्हणून लिहितेय. राहायला या, पण तास बाबांनाच घेऊ द्या. मोठ्या माणसाला काहीतरी येत नाही हे आमच्या वर्गाने पहिल्यांदाच पाहिलं. आता सगळेजण घरून भिंगं आणून उत्तर शोधतायत. बाबांना मात्र कळवू नका, ते लगेच भाषण करतील.