आडवा दांडा आणि पाच ओळींची सूचना

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

मागच्या पत्रात माझ्याकडून एक चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. ऑफिसच्या फाटकाचा दांडा तुम्ही मला वापरायला दिलेल्या गाडीवर पडला नव्हता. दांडा होता तिथेच होता, आडवा. मीच गाडी घेऊन त्याला धडकले. बाकी इकडे सर्व ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? मामींनाही नमस्कार. (हे आधी विचारायला हवं होतं, पण मग धीर गेला असता.)

झालं असं, की फाटकाजवळ येताना गाडीच्या पडद्यावर पाच ओळी उमटल्या आणि खाली 'मान्य आहे' असं बटण. आता मला स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसवून वाचायला तुम्हीच शिकवलंत, आणि पूर्ण वाचल्याशिवाय कशालाही हो म्हणायचं नाही, हा नियमही तुमचाच. (शाळेत जाण्याआधीच मी साबणाच्या वेष्टनाची मागची बाजू वाचून मगच अंघोळीला जायची.) म्हणून वाचत गेले. तिसरी ओळ नीट कळली नाही, तेव्हा पुन्हा पहिलीपासून. समोर वॉचमनकाका दोन्ही हात हलवत होते. मला वाटलं, आज फारच प्रेमाने स्वागत चाललंय. मजकूर असा होता, की गाडी चालवताना पडद्यावरचा मजकूर वाचू नये. चौथ्या ओळीला दिवा फुटला.

तुम्हाला खरं कळवायची लाज वाटली, म्हणून पत्रात दांडा वरून खाली आणला. ते वाचून तुम्ही रागाने आमच्या साहेबांना फोन केलात. आता काकांना मागच्या फाटकावर टाकलंय. तिथे खुर्ची नाही, सावली नाही, आणि महिनाअखेरीस त्यांना कामावरूनच काढणार आहेत. काल मला म्हणाले, "ताई, मामांची गाडी झाली का नीट? फार बोलले नाहीत ना तुम्हाला?" मी "नाही" म्हटलं आणि डबा न उघडताच घरी आणला.

तुमची भाची

ता. क. पाचवी ओळ वाचायची राहूनच गेली. गाडी आता तुमच्याकडे परत आलीच आहे, तर उभी असताना बघून कळवाल का?

आणखी ता. क. खरी विनंती ही, की मला वाचवायला साहेबांना पुन्हा फोन करू नका. त्यांना सगळं मीच सांगणार आहे, येत्या बुधवारी, सकाळी साडेनऊला. बसने जाईन, आणि आत शिरेन ती मागच्या फाटकाने, काकांना आधी सांगून.