सुपातलं लेकरू

प्रिय खामनोय,

नातू झाल्याचं तू फोनवर सांगितलंस. नाक आजोबांवर गेलंय, सुनेला दूध भरपूर आहे, हेही सांगितलंस. पण तो हातात घेतल्यावर कसा लागतो, हे विचारलं की लगेच तुमच्या रायोंगचा समुद्र आणि मासळीचे भाव काढतेस. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. पत्राला मध्येच तोडता येत नाही.

आधी माझी बातमी. माझ्या फिमजायला मुलगी झाली! आठवतं ना, दवाखान्यात गरोदर बायकांना नुकत्याच गोळ्या द्यायला लागले होते तेव्हा फिमजाय पोटात होती. नवऱ्यांनी मागे ठेवलेला आजार घेऊन तू आणि मी त्या बाकावर बसलेलो, आणि पुढे तिची तपासणी स्वच्छ आली तेव्हा माझ्याआधी तूच हंबरडा फोडलास. सगळ्यांना वाटलं, पोर तुझीच आहे. ती पोर आता आई झाली.

आमच्याकडे थंडी सरत आली, पण वारा अजून कोरडाच आहे. या वाऱ्यात आपल्या कातडीचं काय होतं ते तुला सांगायला नको. आधी कोपरांच्या घडीत खाज, मग बोटांना भेगा, मग बाजारात जाताना लांब बाह्या. लोकांना अंगावर चट्टा दिसला की त्यांना वाटतं, आजार वर आला. म्हणून आपण काय केलं, तर जंतुनाशकाच्या बाटल्या आणल्या आणि अंघोळीच्या कढत पाण्यात ओतल्या. कुणी सांगितलंही नव्हतं गं! आजार रक्तात आणि आपण कातडी घासतोय. इतकी वर्षं स्वतःला फरशीसारखं पुसत आलो आणि भेगा वाढल्या की आणखी एक झाकणभर ओतत आलो.

दवाखान्यात आता ओराथाय नावाची नवी नर्स आहे, जिभेची तिखट. तिनं माझे हात नाकाजवळ नेले आणि म्हणाली, ‘‘ताई, तुम्ही माणूस धुता की संडास?’’ मला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. मग जवळ बसून म्हणाली, ‘‘अहो, या आजारात कातडी मुळातच कोरडी पडते, इसब होतं. त्यात तुम्ही तिचं उरलंसुरलं तेलही काढून टाकता. तुमचा एचआयव्हीचा व्हायरस गोळ्यांनी इतका दबलाय की तपासणीत सापडत नाही. आणि नुसत्या हात लावण्यानं तो कुणाला कधीच होत नव्हता.’’ तिनं सांगितलं तसं करायला लागले. कोमट पाणी, साधा साबण, अंग टिपायचं आणि ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली लावायची. लाल चट्ट्यांवर तिनं दिलेलं मलम. खामनोय, भेगा मिटायला लागल्या! मी फक्त छळणं थांबवलं होतं, आणि कातडी स्वतःच स्वतःला सांधत होती. रोज सकाळी उन्हात बसून मी बोटं बघायचे आणि थक्क व्हायचे. जिला इतकी वर्षं वैरीण समजले, ती माझ्याच बाजूनं राबत होती.

तरी हात अजून खरखरीत होतेच, आणि जन्मानंतर तिसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे बाळाला सुपात ठेवायचं होतं. जी बाई सुपातून उचलते तिचे गुण लेकराला लागतात, म्हणून मी आधीच मुखियाच्या बायकोला, सेंगलाला सांगून ठेवलं. गोरीपान बाई, हात लोण्यासारखे. फिमजायला कळलं तशी ती बाजेवरून कडाडली, ‘‘आई, तुला नको असेल तर तसं सांग.’’ म्हटलं, ‘‘अगं, हात बघ माझे. पोरीला ही कातडी लागेल.’’ तर म्हणाली, ‘‘लागू दे. याच हातांनी रोज गोळी तोंडात टाकून तू मला कोरी करकरीत जन्माला घातलंस. तिचे हात तुझ्यासारखेच हवेत मला.’’

म्हाताऱ्या सुईणीनं सूप हळूहळू हलवलं आणि विचारलं, ‘‘कुणाचं लेकरू हे? कोण घेतंय?’’ मी सेंगलाकडे पाहिलं. ती बया म्हणते, ‘‘मला नाही बाई जमायचं, माझे गुडघे धरलेत.’’ गुडघे कसले धरतात तिचे! आदल्या दिवशीच डोक्यावर भाताचं पोतं घेऊन गेलेली. तेवढ्यात बाळाचं दुपटं सरकलं आणि मला तिचे पाय दिसले. घोट्याभोवतीची कातडी पांढरी पडून सुटत होती. मी किंचाळलेच, ‘‘हिला झालं!’’ म्हातारी खो खो हसली. ‘‘खुळे, आईच्या पोटातल्या पाण्यातून वाऱ्यात आलंय लेकरू. सगळ्यांचीच पहिली कातडी अशी सुटते. तुझीही सुटली होती.’’ फिमजायच्या वेळी भीतीपोटी मी तिला कापडात गुंडाळूनच धरायचे, तेव्हा तिचे पाय मी पाहिलेच नव्हते. म्हणजे तू, मी, सेंगला, राजा असो की भिकारी, सगळे असे सोलवटतच या जगात येतो! म्हातारीनं पुन्हा विचारलं आणि मी म्हटलं, ‘‘माझं.’’ उघड्या हातांनी उचललं तिला. तिचा गाल माझ्या तळव्यावर होता. जांभई दिली आणि झोपली.

आता हे पत्र का, ते सांगते. तुझ्या सुनेनं माझा नंबर शोधून फोन केला होता. रडत होती. म्हणाली, ‘‘मावशी, आईंना माझं काही खुपलंय का? बाळाचे कपडे धुतात, मला आल्याचं पाणी करून देतात, पण बाळ रडून रडून लालबुंद झालं तरी उचलत नाहीत. मी परमुलखातली, म्हणून का?’’ तुझ्या आजाराचं मी काही सांगितलं नाही. ते तिला कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हे तुझं तू ठरव. पण तू त्या पोराला जपतेयस आणि तिला वाटतंय की तू त्याला नाकारतेयस. खामनोय, तुझे हात कसे आहेत हे मला न बघता ठाऊक आहे. तसेच असू देत. पत्र खाली ठेव आणि त्याला उचल.

तुझीच,
बुआलाय