गुरूंच्या नावाची रिकामी ओळ

मंगळवार, संध्याकाळ

संगीत शिक्षणाच्या पदवीसाठी आज ऑडिशन दिली. बाईंना न सांगता. नऊ वर्षं कसब्यात त्यांच्याकडे गाणं शिकतेय, घरी रियाजाला तानपुराही त्यांचाच. पण कॉलेजात गाणं शिकायला गेलेल्यांना त्या दारात उभं करत नाहीत. म्हणून फॉर्मवर ‘गुरूंचे नाव’ ही ओळ रिकामी सोडली. म्हटलं, कोण बघतंय?

यमन गायले. दुसऱ्याच तानेला परीक्षकांनी हात वर केला. “ही तान कुणाची, ते सांगायला नको. बाईंना नमस्कार सांग माझा. की मीच करू फोन?” हसले, आणि ती ओळ स्वतःच्या पेनाने भरून टाकली.

का सोडली मी ती रिकामी? नाव लिहिलं असतं तर निदान लपवलं, असं तरी झालं नसतं.

सहा वाजता बाईंचा फोन आला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “खाल्लंस का काही?” मग म्हणाल्या, “उद्या येताना तानपुरा घेऊन ये.”

गवसणी घालून तो दाराशी ठेवलाय. आईने विचारलं, “दुरुस्तीला का गं?”

मी हो म्हणाले.