चार हातांची सार्दाना आणि तिचे शेवटचे आवर्तन

मी, रेमेई पुजोलार, पियानो शिकवणारी, राहणार ला बिस्बाल, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे.

घर आणि मागचे अंजिराचे झाड माझी नणंद किमेता हिला द्यावे. नवऱ्याचा शिकारीचा कोट ज्याला बसेल त्याने न्यावा.

पियानोही किमेताला, आणि त्यासोबत माझी चार हातांची सार्दाना. सार्दाना म्हणजे आमच्याकडच्या रिंगण-नाचाची धून; ही मी मुळात चौकातल्या नाचासाठी रचली होती. जत्रेत वादकांनी ती वाजवली आणि रिंगणात सगळ्यांसाठी आखूड-लांब पावलांचा हिशेब धरणारे बेनेट कासादेमुंत शेवटाला चुकले. सूर थांबले, आणि अख्खे रिंगण एक पाय हवेत धरून उभे! बेनेट सर्वांदेखत म्हणाले, "बाई, शेवटी एक आवर्तन जास्त घातलंय तुम्ही. ते काढा."

"आवर्तन बरोबर आहे. तुमचं मोजायचं चुकलंय."

"बायकांनी पियानो शिकवावा. सार्दाना रचायच्या भानगडीत पडू नये."

ती पुन्हा चौकात वाजली नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मग मी ती एकाच पियानोवर किमेता आणि मी अशा दोघींसाठी बसवली. खालच्या सुरांत बेनेट यांची ऐटबाज चाल, वरच्या सुरांत तिला चिडवणारी छोट्या बासरीची नक्कल. आणि ते बदनाम आवर्तन आले की दोघींच्या हातांची टक्कर. किमेता म्हणते, "वहिनी, कोपर मारायचं पण कागदावर लिहिलंय का हो?" लिहिले आहे.

अट एकच. ते आवर्तन कोणीही काढू नये. काढल्यास पियानो विकून टाकावा. चौकात वाजवायची असेल, तर आधी रचणारीचे नाव मोठ्याने घ्यावे.

साक्षीला मी मुद्दाम बेनेट यांना बोलावले. त्यांना काही ठेवलेले नाही, त्यामुळे कायद्याची आडकाठी नाही. सहीपूर्वी आम्ही दोघींनी वाजवले आणि त्यांना नाचत मोजायला लावले. कुरकुरले, पण काठी भिंतीला टेकवून नाचले. शेवटच्या सुराला त्यांचे दोन्ही पाय जमिनीवर होते.

ला बिस्बाल, ९ मार्च १९८६
रेमेई पुजोलार

साक्षीदार:
दोलोर्स वेंतोस, शेजारीण.
बेनेट कासादेमुंत. आवर्तन बरोबर आहे, मोजणी माझी चुकली होती. बाई, मरायची घाई करू नका. यंदाच्या जत्रेत चौकात तुमचं नाव मीच घेणार आहे.